बिनखताचा वाफा

१

बारा नंबरच्या वाफ्यात पत्रूचं फावडं दोन फुटांवर अडलं. त्यानं जोर लावून ते उपसलं, तसं पात्याबरोबर पांढऱ्या गिलाव्याचं एक ढेकूळ वर आलं. त्या ढेकळातून माणसाच्या हाताची तीन बोटं बाहेर आली होती.

पत्रू फावडं टाकून मागच्या मागं पडला आणि तिथंच ओकू लागला. तो प्लॉटचा राखणदार. पन्नाशीचा, अस्वलाशी झोंबून वाचलेला माणूस. पण त्या बोटांकडे त्याला दुसऱ्यांदा बघवेना.

यशोधरा खोब्रागडे जागची हलली नाही. नागभीडच्या रेल्वे गँगमनची ही मुलगी, वय एकोणतीस, चांद्याला माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. वाफा खणायला तिनंच सांगितलं होतं, आणि तेही रागाच्या भरात.

पळसटोला हे कुरखेड्याच्या पलीकडचं, जंगलाला चिकटलेलं गाव. शहाऐंशी सालच्या त्या पावसाळ्यात तिथं स्फुरदाच्या खताचा प्रयोग चालू होता. बारा वाफे तळ्याखालच्या काळ्या कन्हारीत आणि बारा टेकाडावरच्या लाल, मुरमाड बरडावर. काही वाफ्यांना सुपर फॉस्फेट दिलेलं, काहींना खडकाची पूड, आणि काहींना काहीच नाही. बरडाची लाल माती मोठी कंजूष. आहे तो स्फुरद मुठीत आवळून धरते, पिकाला देत नाही. म्हणून तिथल्या बिनखताच्या वाफ्यांत धान खुरटलं होतं, गुडघ्यालाही लागत नव्हतं. पोळा होऊन दहा दिवस झाले तरी पोटरीवर आलं नव्हतं.

बरडावरचा हा बारा नंबर असाच बिनखताचा. पण त्याच्या मधोमध साडेपाच फूट लांब आणि दोन फूट रुंद असा एक पट्टा कमरेइतका उंच होता, आणि त्याच्या लोंब्या केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

"खत टाकलंस ना चोरून?" यशोधरा पत्रूवर ओरडली होती. "खण. बघूच किती टाकलंस ते."

आणि आता ही बोटं.

दुपारपर्यंत ठाण्याचा जमादार देवाजी दोन शिपाई घेऊन आला. त्यानं प्रेत उघडं करवलं. अंगावर चुन्याचं जाड कवच बसलं होतं, त्यामुळं कोल्ह्या-कुत्र्यांना वास गेला नव्हता. डोक्याची मागची बाजू मडक्यासारखी आत गेली होती. कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं घातलेला एकच घाव. शर्टाच्या खिशात पत्र्याचा बिल्ला अडकवलेली किल्ली निघाली. नमुन्यांच्या पेटीची. ती किल्ली यशोधरानं स्वतःच्या हातानं एकाच माणसाला दिली होती.

गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. केसरबाई उसेंडी. तिनं किल्ली पाहिली, खड्ड्यातला तो पांढरा आकार पाहिला, आणि मान हलवली.

"हा माहा लहानू नोहे," ती म्हणाली. "लहानू जिता हाय. पाटलानं पाह्यलं त्याले."

२

लहानू उसेंडी हा प्रयोगाचा सहायक. गावातल्या गोंडांच्या वस्तीतला, टोल्यातला, पहिला मॅट्रिक झालेला पोरगा. जून महिन्यात एका शनिवारी सकाळी न्याहारी करून तो घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. त्याच सुमारास जंगलात बंदूकवाल्यांचं येणं-जाणं सुरू झालं होतं. पुढच्या गुरुवारी पोलीस पाटील बापूराव गहाणे ठाण्यात गेला आणि त्यानं जबानी दिली की लहानू आजच बाजाराच्या वाटेवर चार बंदूकवाल्यांबरोबर जंगलाकडे जाताना आपण डोळ्यांनी पाहिला.

मग पोलीस टोल्यात आले. लहानूचा थोरला भाऊ कोलू याला त्यांनी मोहाच्या झाडाला बांधलं. भाऊ कुठं आहे ते सांग म्हणत देवाजी जमादारानं त्याच्या नडगीवर काठी मोडली आणि काठीबरोबर नडगीही मोडली. तेव्हापासून कोलू तो पाय ओढत चालायचा. घराला गावानं वाळीत टाकलं. पण तेवढ्या सगळ्यातही केसरबाईला एक आधार होता, तो पाटलाच्या जबानीचा. पोरगा जंगलात का होईना, जिवंत आहे.

आज तो आधार दोन फूट खोल सापडला होता.

"जंगलवाल्यायनंच मारून आनून टाकला असंल," देवाजी म्हणाला. पण त्याची नजर कोलूच्या पायाकडे जात होती आणि परत फिरत होती.

यशोधरानं पिशवीतून आम्लाची बाटली काढली. शेजारच्या वाफ्यातली लाल माती बशीत घेऊन तिनं वर दोन थेंब टाकले. काहीच झालं नाही. मग खड्ड्यातली चिमूटभर माती घेतली. थेंब पडताच ती फसफसून उतू गेली.

"हे काय व्हय, मॅडम?" देवाजीनं विचारलं.

"चुना. बरडाच्या मातीत तो नसतो, ती आंबट असते. त्या आंबटपणामुळंच ती स्फुरद सोडत नाही. पुरणाऱ्यानं प्रेताचा वास दाबायला वर कळीचा चुना ओतला. चुन्यानं मातीचा आंबटपणा मोडला आणि तिची मूठ सुटली. वरच्या धानाला खत न घालता स्फुरद मिळाला. खाली होता तो माणूसही त्याला मिळाला." तिनं बाटलीला बूच लावलं. "काळ्या कन्हारीत पुरलं असतं तर चुन्यानं काही फरक पडला नसता. तिच्यात चुनखडी असतेच. त्याला वाटलं असेल, जशी कन्हार तसं बरड."

देवाजीनं मिशीवरून हात फिरवला. "कळीचा चुना गावात एकाचपाशी होता जूनमंदी. शाळेच्या गिलाव्यासाठी. रामाजी लांजेवार, ठेकेदार."

त्यानं हे हळू आवाजात म्हटलं होतं. पण यशोधरानं मागं वळून पाहिलं तेव्हा कोलू जागेवर नव्हता.

३

शाळेच्या पटांगणातून किंकाळी ऐकू आली. जमादार आणि यशोधरा धावत पोचले, तोवर रामाजी भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि कोलू खाटेच्या गात्याच्या दांड्यानं त्याला झोडपत होता. पहिल्याच फटक्यात जबडा निखळला असावा. तोंडातून रक्त आणि दात एकत्रच गळत होते. दोघा शिपायांनी कोलूला पाडलं, तरी तो मोकळ्या पायानं लाथा घालत राहिला.

"मारू द्या मले त्याले! तुमी मले मारलं तवा कोन आलं होतं सोडवाले?"

देवाजीनं त्याला बेड्या घातल्या. पण या खेपेला हात उगारला नाही.

यशोधरानं आपली ओढणी रामाजीच्या जबड्याला घट्ट बांधली. चुन्याचं नाव तिनंच सगळ्यांच्या देखत काढलं होतं. पुढं-मागं न बघता बोलल्याची किंमत हा माणूस देत होता.

"रामाजीभाऊ, बोलू नका. फक्त बोटांनी सांगा. चुना तुम्ही कुठं ठेवला होता?"

रामाजीनं पटांगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. उघड्यावर, पत्र्याखाली.

"चोरीला गेला?"

त्यानं दोन बोटं दाखवली. दोन पोती.

"केव्हा कळलं?"

रामाजीनं तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि रक्तानं माखलेल्या बोटांनी तिच्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं. पेरणीचा रविवार. सकाळी.

"मंग आतापावतर गप काऊन होता?" देवाजी खेकसला.

रामाजीनं पुन्हा लिहिलं. पाटलाला सांगितलं. तो म्हणाला, चुना कोण चोरतो, मोजायला चुकला असशील.

"खोटंही लिहू शकते हा," देवाजी म्हणाला.

"शकतो," यशोधरा म्हणाली. "म्हणून मला ते धान पुन्हा बघायचंय. धानाला खोटं बोलता येत नाही."

४

खड्ड्याच्या कडेला उपटून ठेवलेले धानाच्या रोपांचे चुडे तिनं एकेक करून पाहिले. मग जमिनीवर पालथी होऊन तिनं उरलेल्या ओळींवरून नजर फिरवली. दोरी धरून पेरलेल्या ओळी होत्या त्या. खड्ड्याच्या अलीकडे-पलीकडे एकाच सुतात; सकाळी खणण्याआधी पट्ट्यातूनही तशाच गेलेल्या. एकही ओळ तेव्हा तुटलेली नव्हती, की वाकलेली नव्हती.

"पत्रूभाऊ, पेरणी कोणी केली?"

"म्याच. रविवारी. लहानूनं गुरुवारी-शुक्रवारी वाफे खनून भुसभुशीत करून ठेवले होते. रविवारी तो आलाच नाई. पाटील म्हनाले, तो कुरखेड्याले गेला, तू पेर, वापसा जाईन. म्हनून म्या दोरी धरून पेरलं."

"वाफे खणलेले होते. म्हणून आणखी कोणी खणलं तर कळलं नसतं."

"नाई न कळलं, बाई. शनवारी तं पानी इतका होता का कुत्रं भाईर निघालं नाई. फक्त पाटलाचं बैल जुपलेलं खाचर शेनखत घेऊन वर गेलं, तेवढं."

यशोधरा उठून बसली. खड्ड्यात उतरून तिनं प्रेताच्या छातीवरचं शर्टाचं कापड चिमट्यानं उचललं. धानाच्या मुळ्या चुन्याचं कवच फोडून खाली उतरल्या होत्या आणि शर्टाच्या विणीत शिरून आरपार गेल्या होत्या. तिनं त्या एकेक करून तपासल्या. आज फावड्यानं तुटल्या त्या सोडल्या, तर एकही आधी तुटून पुन्हा फुटलेली नव्हती.

बेड्या घातलेला कोलू धुऱ्याच्या बांधावर बसून ते बघत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"कोलूभाऊ, हे बरड तुमचंच ना?"

"आमचंच म्हना. बापाची जमीन पाटलाच्या बापानं दाबली होती. सरकारनं परत द्या म्हनलं, तं पाटलानं हे देलं. दगड होते, मोजमाप होतं, समदं होतं. बाप मरेपर्यंत म्हने, आपली जमीन काळी होती. आमाले वाटे, म्हातारा चळला."

"नंबर काय जमिनीचा?"

"एक्केचाळीस."

यशोधरानं तो नंबर ओळखला. जूनच्या सुरुवातीला लहानूचं पत्र आलं होतं. एकोणऐंशी साली एक्केचाळीस नंबरची माती तपासली होती, त्या चिठ्ठीची नक्कल हवी, इतकंच. कशाला हवी, ते त्यानं लिहिलं नव्हतं. तिनं जुनं बाड काढून लगेच कार्ड टाकलं होतं. नंबर एक्केचाळीस, काळी कन्हार, चुनखडी भरपूर. नक्कल मागाहून पाठवते.

लाल बरड म्हणून ज्या जमिनीत ते उभे होते, ती एक्केचाळीस नंबरची नव्हतीच. खरी एक्केचाळीस खाली तळ्याजवळ होती. दगड सरकवले होते. आणि ते उघड करणारं कार्ड चांद्याहून निघालं होतं.

"पत्रूभाऊ," ती हळूच म्हणाली, "गावचं टपाल कुठं येतं?"

"पाटलाच्या पडवीत. पोस्टमन तिथीच टाकून जाते. कार्डं तं पाटीलच वाचून दावतेत लोकायले."

५

पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला बापूराव गहाणे स्वतःच टेकाडावर आला. धोतर, पांढरी टोपी, चेहऱ्यावर घरचंच कोणी गेल्यासारखं दुःख. त्यानं केसरबाईपुढं हात जोडले. उन्हं अजून कलली नव्हती आणि अर्धा गाव धुऱ्यावर उभा होता.

"पाटील," यशोधरानं विचारलं, "लहानूला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?"

"जबानीत हाय ना, बाई. गुरुवारी. बाजाराच्या दिवशी. चार बंदूकवाले होते संगं."

"म्हणजे पेरणीनंतर चार दिवसांनी."

"हो. मंग त्यायनंच मारला असंल न इथी आनून गाडला असंल."

"पेरलेल्या वाफ्यात?"

बापूराव थबकला. "काऊन नाई?"

"कारण या ओळी बघा. दोरीसारख्या सरळ. सकाळी खणण्याआधी पट्ट्यातही अशाच होत्या. पेरल्यानंतर कोणी खणलं असतं तर त्या मोडल्या असत्या."

"धान काढून ठेवलं असंल न परत लावलं असंल."

"उपटून लावलेलं धान मागं पडतं, पाटील. हे दहा दिवस पुढं आहे. आणि याच्या मुळ्या लहानूच्या शर्टातून आरपार गेल्यात, एकही आधी तुटलेली नाही. बी पडलं तेव्हा तो खाली होताच. रामाजीचा चुनाही रविवारी सकाळीच कमी भरला होता. रविवारच्या आधी पुरलेला माणूस गुरुवारी बाजाराच्या वाटेनं चालत नाही."

बापूरावनं उपरण्यानं मान पुसली.

"दिवस चुकला असंल माहा. मानूस हाय."

"दिवस?" हे देवाजी जमादार बोलला. त्याचा आवाज ओळखू येईना. "त्याच गुरुवारी तू ठान्यात आला होतास, बापूराव. आत्ताच पाहून आलो म्हने. तुह्या त्या गुरुवारावर म्या या पोराची नडगी फोडली."

"तुम्हाला गुरुवार लागतच होता," यशोधरा म्हणाली. "शनिवारपासून त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तो त्यानंतरही जिवंत होता असं दाखवलं, की शनिवारी तुमच्या खाचरात शेणखताखाली काय होतं ते कोणी विचारणार नाही. कार्ड तुम्ही वाचलंत. एक्केचाळीस नंबरची माती काळी आहे, हे तुम्हाला कळलं की..."

तिचं बोलणं पुरं झालं नाही. कुंपणाच्या काट्या तोडायची पत्रूची कुऱ्हाड खुंटाला टेकवलेली होती. बापूरावनं ती झडपली; एवढ्या उतारवयाचा माणूस इतक्या चपळाईनं हलेल असं कोणाला वाटलं नसतं. पातं तिच्या डोक्याकडे आलं. देवाजीनं मधे हात घातला. हाड तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव तिच्या खांद्याला चाटून गेला आणि ती खड्ड्याच्या काठावर आपटली. बापूरावनं तिसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली.

ती खाली आलीच नाही. कोलूनं मोडक्या पायावर झेप घेतली होती. त्यानं बेड्यांची साखळी मागून पाटलाच्या गळ्यात टाकली आणि त्याला घेऊन तो खाली कोसळला. साखळी मांसात रुतली. बापूरावचे डोळे बाहेर आले, टाचा लाल माती उकरू लागल्या. शिपाई ओढत होते, पण कोलूचे हात सुटत नव्हते.

"सोड, कोलू," देवाजी मोडका हात छातीशी धरून म्हणाला. "फाशी मी देववतो त्याले. तू नको घेऊ."

कोलूनं ऐकलं नाही. देवाजीचं त्यानं का ऐकावं?

मग केसरबाई पुढं आली. तिनं वाकून पोराच्या मनगटावर हात ठेवला. "त्याले बोलू दे," ती म्हणाली. "माहा लेक कसा मेला, ते मले आयकाचं हाय."

साखळी सैल झाली.

बापूराव बराच वेळ खोकला. मग घोगऱ्या आवाजात, कोणाकडेही न बघता बोलू लागला. शुक्रवारी कार्ड आलं. शनिवारी त्यानं लहानूला तळ्याखाली बोलावलं, जुने दगड कुठं होते ते दाखवतो म्हणून. पोरगा खुशीत आला. मातीचा नमुना काढायला खाली वाकला.

"काळी माती मुठीत घेऊन हसला तो," बापूराव म्हणाला. "म्हने, माहा बाप चळला नव्हता. वर पाह्यलंच नाई त्यानं."

६

देवाजीनं पाटलाला नेलं. जाताना तो कोलूपुढं उभा राहिला, धडक्या हातानं त्याची बेडी काढली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कोलू त्याच्या पायाशी थुंकला आणि आईकडे निघून गेला. जमादारानं ते मान खाली घालून सोसलं. पुढं खटल्यात त्यानं साक्ष देताना स्वतःच्या मारहाणीचीही कबुली दिली, आणि त्याची नोकरी गेली. बापूरावला जन्मठेप झाली. रामाजीचा जबडा वाकडाच सांधला गेला. त्यानं कोलूविरुद्ध तक्रार दिली नाही. पुन्हा मोजणी होऊन तळ्याखालची कन्हार उसेंड्यांना मिळायला आणखी दोन वर्षं लागली.

पण त्या दिवशी संध्याकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. यशोधरा टोल्यात केसरबाईच्या अंगणात उभी होती. खांद्याच्या फडक्यातून रक्त पाझरत होतं. कुरखेड्याहून येणाऱ्या जीपची वाट पाहायला पत्रूनं तिला वेशीवर थांबायला सांगितलं होतं, पण तिचे पाय इकडे वळले होते.

"केसरबाई," ती म्हणाली, "ते कार्ड मीच लिव्हलं होतं. लिफाफ्यात नाई टाकलं. उघडं टाकलं. पाटलानं ते वाचलं म्हनून..." नोकरी लागल्यापासून घराबाहेर न बोललेली नागभीडची बोली तिच्या तोंडी आपोआप आली होती. "लिफाफ्यात टाकलं असतं तं तो जिता असता."

केसरबाई चुलीजवळून उठली. हळूहळू चालत आली. समोर उभी राहून तिनं यशोधराकडे नीट पाहून घेतलं. आणि मग हात उचलून तिच्या तोंडात अशी मारली, की यशोधराच्या कानात घंटा वाजली आणि खालचा ओठ फुटला.

अंगणात कोलू अर्धा उठला. यशोधरानं हात वर केला नाही, मागंही सरकली नाही.

केसरबाईचा हात तसाच हवेत राहिला. मग तो यशोधराच्या धडक्या खांद्यावर आला, आणि त्या खांद्याला धरून ती म्हातारी सकाळपासून पहिल्यांदाच रडली. मोठ्यानं, गाव ऐकेल इतकं. तिचा भार पेलता पेलता यशोधरा तिच्यासकट जमिनीवर बसली.

जीपचा भोंगा वाजला, दोनदा. कोणी उठलं नाही.

बऱ्याच वेळानं केसरबाईनं पदरानं नाक पुसलं. तोच पदर तिनं यशोधराच्या ओठावरच्या रक्ताला लावला, जरा जोरानंच.

"बस इथीच," ती म्हणाली. "भात टाकते."